रोडपालीच्या पाणथळीतील ‘बेशरम’

शीव-पनवेल महामार्ग सोडून कळंबोलीतून तळोजा औद्योगिक वसाहतीच्या दिशेने निघाले, की रोडपालीच्या आसपास रस्त्याकडेच्या सखल जागा, नाल्यांचे काठ आणि भरावाच्या कडेला साचलेली डबकी फिकट जांभळट-गुलाबी फुलांनी भरलेली दिसतात. पावसाळा सरल्यावर हा बहर इतका दाट असतो, की कुणी मुद्दाम लागवड केली असावी, असे वाटावे. बसच्या खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला ही खाडीकाठची मूळचीच वनश्री वाटते. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. हे झुडूप अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातून आलेले असून महाराष्ट्रात ते ‘बेशरम’ या नावाने ओळखले जाते. खाडीकाठच्या पाणथळ जमिनीचे काय झाले आहे, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने या फुलांकडे थोडे थांबून पाहावे.

ओळख

बेशरमाचे शास्त्रीय नाव ‘आयपोमिया कार्निया’, उपजाती ‘फिस्ट्युलोसा’ असे आहे. निकोलाउस जोसेफ फॉन जॅकिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1760 साली मूळ जातीला हे नाव दिले. ‘कार्निया’ म्हणजे मांसवर्णी. फुलांच्या रंगावरून हे विशेषण आले. ‘फिस्ट्युलोसा’ म्हणजे नळीसारखा पोकळ; ते खोडावरून आले. मूळ जातीतील झाडे वेलीसारखी चढतात आणि त्यांची पाने हृदयाकृती असतात. आपल्याकडे आढळणारी उपजाती मात्र झुडपासारखी उभी वाढते आणि तिची पाने लांबट, टोकदार असतात. पूर्वी ती स्वतंत्र जाती मानली जाई. डॅनियल ऑस्टिन यांनी 1977 मध्ये तिला उपजातीचा दर्जा दिला.

हे झुडूप कोरड्या जमिनीवर दोन-तीन मीटर उंच होते. पाण्यात त्याची खोडे त्याहूनही लांब वाढून आडवी पसरतात. खोड मऊ व पोकळ असते आणि ते मोडले, की पांढरा चीक येतो. पाने साधी, एकाआड एक व लांब देठाची असून त्यांची लांबी दहा ते पंचवीस सेंटिमीटर भरते. फुले नरसाळ्याच्या आकाराची, पाच ते नऊ सेंटिमीटर लांब, बाहेरून फिकट व घशाशी गडद जांभळी असतात. एक फूल एकाच दिवसाचे सोबती असते. पहाटे उमललेले फूल उन्हे चढल्यावर मलूल होते, पण फुलोऱ्यात कळ्यांची रांग लागलेली असल्यामुळे झुडूप कधी ओके दिसत नाही. बहर जवळजवळ वर्षभर चालतो. फळ म्हणजे लहान बोंड असून त्यातील बियांवर रेशमासारखे लांब केस असतात. ब्राझीलमध्ये या झुडपाला ‘रानकापूस’ अशा अर्थाचे नाव पडले, ते या केसांमुळेच.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बेशरम परके असले, तरी त्याचे गोत्र आपल्या परिचयाचे आहे. उपासाचे रताळे, तळ्यात वाढणारी नाळीची भाजी, कुंपणावर लाल चांदण्या फुलवणारी गणेशवेल आणि कोकणच्या पुळणीवर पसरणारी मर्यादवेल या सर्व ‘आयपोमिया’ याच प्रजातीतील वनस्पती आहेत. मर्यादवेलीची फुलेही बेशरमासारखीच जांभळट-गुलाबी आणि नरसाळ्याच्या आकाराची असतात. समुद्र जिथपर्यंत येतो, त्या सीमेवर ती वाढते व वाळू धरून ठेवते, म्हणून लोकांनी तिला मर्यादेचे नाव दिले. तिच्याच या परदेशी भावंडाला मात्र मर्यादा सोडणाऱ्याचे नाव मिळाले.

नावामागील अर्थ

‘बेशरम’ हे नाव पडण्याचे कारण कोणताही शेतकरी सांगेल. झुडूप तोडले तर बुंध्यातून पुन्हा फुटते. तोडलेली फांदी बांधावर टाकली, तर तिच्या पेरांना मुळे सुटतात आणि तिथे नवे झाड उभे राहते. पुरात वाहून गेलेला तुकडा जिथे अडकेल तिथे रुजतो. ते महिनोन्महिने पाण्यात उभे राहू शकते आणि उन्हाळ्यात तळे आटून जमिनीला भेगा पडल्या, तरीही तग धरते. हिंदी पट्ट्यात त्याला ‘बेहया’ म्हणतात, बिहार-झारखंडात ‘थेथर’, तर बंगालीत ‘ढोलकलमी’. पहिल्या दोन्ही नावांचा रोख मराठी नावासारखाच आहे.

विदर्भ-मराठवाड्यात तर हे झाड सार्वजनिक जीवनाचा भाग झाले आहे. रस्त्यातल्या खड्ड्यांत बेशरमाची झाडे लावून किंवा दाद न देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याची फुले देऊन निषेध नोंदवण्याची रीत तिथे रूढ आहे. कितीही बोलले तरी ज्याच्यावर परिणाम होत नाही, त्याच्यासाठी याहून नेमके प्रतीक सापडणे कठीण!

बेशरम भारतात आले ते शोभेसाठी आणि कुंपणासाठी. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते विसाव्या शतकाचा आरंभ हा त्याच्या आगमनाचा काळ मानला जातो. त्यामागे सोयीचा हिशेब होता. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, ते झपाट्याने वाढते, लावायला रोपवाटिका लागत नाही. शेताच्या बांधावर नुसत्या काड्या खोचल्या, की पावसाळ्याअखेर कुंपण तयार होते. वाळलेल्या खोडांचा सरपण म्हणून उपयोग होई. आजही काही भागांत गरीब शेतकऱ्याचे ते फुकटचे कुंपण आहे. अडचण सुरू झाली, ती ते बांधावरून ओढ्यात आणि ओढ्यातून तळ्यात उतरल्यावर.

रोडपालीत ते कसे पसरले?

रोडपाली हे पनवेल तालुक्यातील जुने गाव. आज ते कळंबोली वसाहतीला लागून असून, 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येते. एका अंगाला तळोजा औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाला पनवेलच्या खाडीकडे जाणारे कासाडी नदीचे पात्र, असे त्याचे स्थान आहे. हा सारा पट्टा मुळात खाजणांचा. भरतीचे पाणी जिथे शिरे, तिथे तिवरांची दाटी. आणि जिथे शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून, उघाड्या बसवून खारे पाणी अडवले, तिथे भातशेती. हे बांध सांभाळणे हे गावाचे सामुदायिक काम असे. एक बांध फुटला, तर अनेकांची शेते खारी होत. खारजमिनींच्या रक्षणासाठी 1948 साली मुंबई राज्यात आणि पुढे 1979 साली महाराष्ट्रात स्वतंत्र कायदे झाले, यावरून या व्यवस्थेचे महत्त्व लक्षात येते.

17 मार्च 1970 रोजी ‘सिडको’ची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे धोरण आले. शेती थांबली, तशी बांध आणि उघाड्यांची राखणही थांबली. रस्ते, लोहमार्ग आणि वसाहती यांसाठी ठिकठिकाणी भराव पडले. भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेल्या भागात पावसाचे पाणी साठवण्यासाठी धारण तलाव खोदण्यात आले. सखल जमिनीवर शहर वसवण्यासाठी ही योजना आवश्यकच होती. 26 जुलै 2005 च्या महापुरात कळंबोलीची जी अवस्था झाली, तिच्यावरून पाण्याला जागा ठेवण्याचे मोल सर्वांनाच कळले. परंतु भरावांमधल्या बेचक्यात जे तुकडे उरले, त्यांची स्थिती विचित्र झाली. भरतीचे खारे पाणी तिथे पोहोचेना आणि पावसाचे व सांडपाण्याचे गोडे पाणी तिथून निघेना.

तिवरासारख्या वनस्पतींना भरती-ओहोटीची ये-जा लागते. ती बंद झाली, की जुनी झाडे हळूहळू कोमेजतात आणि नवी रोपे येत नाहीत. रोज भरती येणाऱ्या खाऱ्या चिखलात बेशरमाचा तिवरांपुढे निभाव लागत नाही, पण भरती अडलेल्या जागेत त्याला प्रतिस्पर्धीच राहत नाही. सांडपाण्यातून मिळणारे नत्र आणि स्फुरद हे त्याला आयते खत. राडारोड्याच्या गाड्यांतून आलेल्या मातीत त्याचे तुकडे असतात, नालेसफाईत काढलेला गाळ काठावर टाकला, की त्यातलेही तुकडे रुजतात. कासाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. अशा पाण्यातही बेशरम फुलत राहते.

म्हणून बेशरमाने खाडीकाठची पाणथळ जमीन गिळली, असे म्हणणे पूर्णपणे बरोबर नाही. जमीन आधी बिघडली. बेशरम नंतर आले. एकदा आल्यावर मात्र त्याने ती बिघाडाची अवस्था कायम केली, हा त्याचा दोष नाकारता येत नाही.

हानी कोणती?

पाणथळ जागेचे मोल तिच्या उघडेपणात असते. उथळ पाणी आणि चिखलाचा उघडा काठ यांवर तुतारी, चिखल्या, शेकाट्या यांसारखे पक्षी किडे-अळ्या वेचून जगतात. बेशरमाची जाळी काठापासून आत सरकू लागली, की हा उघडा चिखल आक्रसतो. आडव्या पडलेल्या खोडांना नवी मुळे फुटतात, त्यांत गाळ आणि प्लास्टिक अडकते, तळ वर येतो आणि डबक्याचे हळूहळू सुक्या जमिनीत रूपांतर होते. नाल्यात हीच जाळी पाण्याच्या वाटेत उभी राहते. सखल वसाहतीच्या दृष्टीने ही बाब केवळ निसर्गप्रेमींच्या काळजीची नाही. पावसाचा आणि भरतीचा जोर एकाच वेळी असतो, तेव्हा नाल्याचे प्रत्येक फूट रुंदीचे पात्र मोलाचे असते.

बेशरम आणि जलपर्णी यांत गल्लत करू नये. जलपर्णी पाण्यावर तरंगते आणि जाळीने ओढून काढता येते. बेशरम जमिनीत मुळे रोवून उभे असते, आणि ओढताना तुटले तर प्रत्येक तुकडा नवी सुरुवात करतो.

दुसरी हानी जनावरांची. ताजा हिरवा चारा असेपर्यंत शेळ्या-मेंढ्या बेशरमाला टाळतात. पण उन्हाळ्यात दुसरे काही हिरवे न उरले, की त्या त्याच्याकडे वळतात. त्यात ‘स्वेन्सोनीन’ नावाचे विषारी द्रव्य असते. हे द्रव्य प्रथम 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘स्वेन्सोना’ या वनस्पतीतून वेगळे करण्यात आले. ते पेशीतील एका विकराचे काम बंद पाडते. परिणामी ज्या शर्करायुक्त पदार्थांचे विघटन व्हायला हवे, ते पेशीतच साचत जातात. सर्वाधिक झळ मज्जापेशींना बसते. जनावर खंगते, त्याचा तोल जातो, डोके थरथरते, मागचे पाय लुळे पडतात. ब्राझील, सुदान आणि मोझांबिक या देशांत शेळ्यांमधील अशा विषबाधेचा अभ्यास झाला आहे. एकदा चटक लागलेली शेळी इतर चारा सोडून बेशरमच शोधते आणि तिचे पाहून कळपातील इतर शेळ्याही ते खाऊ लागतात, असे ब्राझीलमधील अभ्यासकांना आढळले.

या विषाबाबतची आणखी एक माहिती विलक्षण आहे. स्वेन्सोनीन हे झाड स्वतः तयार करत नाही. त्याच्या अंगात वस्ती करणारी एक सूक्ष्म बुरशी ते तयार करते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बुरशीमुक्त केलेल्या रोपांमध्ये हे द्रव्य आढळले नाही. बुरशी बियांतून पुढच्या पिढीकडे जाते. म्हणजे अमेरिकेहून बेशरम आले, तेव्हा त्याच्यासोबत हा अदृश्य सोबतीही आला. गावठाणालगत आजही शेळ्या चारणाऱ्यांनी आणि हौसेने फुले हाताळणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. चीक डोळ्यांत वा तोंडात जाऊ देऊ नये. वाळलेला पालाही जनावरांना घालू नये.

न्यायाने पाहिले, तर बेशरमाच्या बाजूनेही काही सांगता येते. भुंगे आणि मधमाश्या त्याच्या फुलांवर येतात. लाजरी पाणकोंबडी, भारद्वाज यांसारखे पक्षी त्याच्या जाळीत आडोसा घेतात. ते ढासळत्या काठाची माती धरून ठेवते. त्यामुळे ते सरसकट एका दिवसात उपटून टाकणे शहाणपणाचे ठरत नाही. काठ उघडा पडला, तर पहिल्या पावसात माती नाल्यात जाते आणि उरलेल्या तुकड्यांतून बेशरम पुन्हा येते.

निर्मूलन कसे करावे?

नुसती छाटणी म्हणजे बेशरमाची लागवडच होय. त्याचे नियंत्रण करायचे, तर बोंडे पिकण्यापूर्वी आणि पाणी कमी असताना झुडूप मुळासकट काढावे लागते. काढलेली खोडे काठावर किंवा नाल्यात न टाकता, कोरड्या व कठीण जागेवर पसरून पूर्ण वाळवावी लागतात. पुढील दोन-तीन पावसाळे नव्या फुटव्यांवर लक्ष ठेवावे लागते. एकाच दिवसाच्या स्वच्छता मोहिमेतून छायाचित्रे चांगली मिळतात. झाड जात नाही.

तणनाशकांची वाट सोपी वाटते, पण पाण्याकाठी ती टाळणेच योग्य. फवारलेले द्रव्य मासे आणि कालवे यांच्यापर्यंत पोहोचते आणि खाडीवर पोट असणाऱ्या कोळी-आगरी कुटुंबांचे नुकसान होते. शत्रुकीटकांचा उपायही सरळ नाही. पाठीवर कासवासारखे पारदर्शक कवच असणारे ठिपकेदार भुंगेरे बेशरमाची पाने खाऊन चाळण करतात, परंतु तेच भुंगेरे रताळ्याच्या वेलावरही ताव मारतात. एकाच प्रजातीतील ही सोयरीक इथे आड येते.

यंत्र लावण्यापूर्वी आणखी एका गोष्टीचे भान हवे. बेशरमाच्या जाळीमागेच अनेकदा तिवरांची रोपे असतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये अंतरिम आदेशाने आणि 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली असून, त्यांच्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. त्यामुळे अशा ठिकाणी वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय आणि वनस्पतींची ओळख असलेला माणूस सोबत असल्याशिवाय काम सुरू करू नये. झुडपे काढण्याच्या निमित्ताने भराव टाकला जात नाही ना, हेही नागरिकांनी पाहिले पाहिजे. ‘ओसाड जागेतले जंगल साफ केले’ या सबबीखाली पाणथळ जागाच नाहीशी होण्याची भीती असते.

मोकळ्या झालेल्या काठावर काय लावावे, याचे उत्तर कोकणच्या भूमीनेच दिले आहे. गोड्या पाण्याच्या काठाला निर्गुडी आणि करंज. किंचित खाऱ्या जमिनीत पारोसा भेंडी आणि केवडा. आणि जिथे भरतीचे पाणी पुन्हा आणता येईल, तिथे तिवर आणि मारांडी. यांपैकी मारांडीचा विशेष उल्लेख करायला हवा. काटेरी, चकचकीत पानांचे हे झुडूप खाडीच्या चिखलात वाढते आणि उन्हाळ्याच्या सुमारास त्याला निळी-जांभळी फुले येतात. खाडीकाठी फुललेले झुडूपच पाहायचे असेल, तर ते आपल्याकडे आधीपासूनच होते. ते रस्त्यावरून दिसत नाही, एवढेच.

सर्वांत परिणामकारक उपाय मात्र झाडांचा नसून पाण्याचा आहे. भरावाखाली बुजलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या, भरतीला पुन्हा आत येऊ दिले आणि सांडपाणी प्रक्रियेशिवाय सोडणे थांबवले, तर बेशरमाचा आधारच जातो. पाणी तसेच ठेवून झुडपे काढणे म्हणजे ताप न तपासता कपाळ पुसत राहण्यासारखे आहे. हे काम महापालिका, सिडको, औद्योगिक वसाहत आणि वनखाते यांच्या हद्दींत विभागलेले असल्याने ते अवघड आहे. पण एखाद्या धारण तलावापासून किंवा एखाद्या नाल्यापासून त्याचा आरंभ करता येण्याजोगा आहे.

रोडपालीच्या रहिवाशांना त्यासाठी एक साधी पाहणी करता येईल. रस्त्यापासून खाडीच्या दिशेने पाहत गेले, की कुठेतरी गुलाबी फुलांची रांग संपते आणि तिवरांची गर्द हिरवी रांग सुरू होते. ती रेषा म्हणजे भरतीचे पाणी आज कुठपर्यंत पोहोचते, याची खूण. दरवर्षी पावसाळ्यानंतर त्याच जागी उभे राहून ती रेषा कुठे आहे, याची नोंद ठेवावी. ती खाडीकडे सरकली, तर पाणथळ जमीन आणखी आक्रसली असे समजावे. रस्त्याकडे सरकली, तर खाडी आपली जागा परत घेत आहे असे मानायला हरकत नाही.